कुत्रा दात का खातो?

डोंबिवलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांनी मध्यंतरी एक प्रश्न आमच्याकडे धाडला. नववीतल्या एका मुलाने तो वर्गात विचारला होता. त्याच्या घरी आठ महिन्यांचा पॉमेरेनियन कुत्रा आहे. रात्री सगळे निजले की त्याच्या तोंडातून करकर असा आवाज येतो. आजी म्हणते, पोटात जंत झालेत, म्हणून दात खातो. वडील म्हणतात, स्वभावच रागीट आहे. शेजारच्या काकूंनी 'कुत्र्याने दात खाणे चांगले नव्हे' एवढेच म्हणून सर्वांना घाबरवून सोडले. तर खरे कारण कोणते? पाठ्यपुस्तकात माणसाच्या दातांची आकृती आहे, कुत्र्याच्या दातांची नाही. सरांनी 'पुढच्या आठवड्यात सांगतो' असे म्हणून वेळ मारून नेली आणि त्याच संध्याकाळी आम्हांला फोन केला.

प्रश्न ऐकून आम्ही प्रथम हसलो. मग एकदम गप्प झालो. आमच्या ठाण्याच्या घरी टिपू नावाचा कुत्रा होता. तोही दात खात असे, आणि आम्ही, म्हणजे विज्ञानात डॉक्टरेट घेतलेली मंडळी, जवळजवळ पाच महिने तो आवाज नुसता ऐकत होतो. ती हकीकत पुढे येईलच. आधी दात खाणे म्हणजे नेमके काय, ते पाहू.

आपल्या भाषेत दातांवरून माणसाचे मन ओळखण्याची जुनी रीत आहे. रागावलेला माणूस दात-ओठ खातो, घाबरलेल्याची दातखिळी बसते, थंडीने दात वाजतात. यांतल्या प्रत्येक वेळी जबड्याचे स्नायू मालकाची परवानगी न घेता आकसतात. कुत्र्याचेही तसेच होते. मात्र कुत्र्याचा जबडा आपल्या जबड्यासारखा नाही, आणि हा फरक कळला की अर्धे कोडे सुटते.

अडकित्ता आणि जाते

वर्गात एक साधी गोष्ट करून पाहावी. प्रत्येकाने दोन्ही हातांची बोटे कानशिलांवर ठेवून दात घट्ट मिटावेत. कानशिलाखाली एक स्नायू फुगलेला जाणवेल. मग बोटे गालांच्या मागच्या भागावर, कानाच्या पाळीच्या थोडी पुढे आणावीत आणि पुन्हा दात मिटावेत. तिथेही एक जाड स्नायू टणक होतो. जबडा मिटण्याचे मुख्य काम या दोन जोड्या करतात. आता तोंड किंचित उघडून खालचा जबडा डावीकडे-उजवीकडे हलवून पाहावा. सहज हलतो. आपण भाकरी खातो तेव्हा नकळत हीच हालचाल करतो.

गाय रवंथ करताना ही हालचाल फार मोठी असते. तिचा खालचा जबडा गोल फिरल्यासारखा दिसतो, दाढा एकमेकींवर घासतात आणि चारा दळला जातो. गाईचा जबडा म्हणजे जाते. कुत्र्याचा जबडा म्हणजे अडकित्ता. त्याच्या खालच्या जबड्याचे टोक कवटीतल्या एका आडव्या, खोल खोबणीत बसलेले असते आणि खोबणीच्या मागे हाडाचा एक आकडा असतो. त्यामुळे बिजागरीसारखी वर-खाली हालचाल उत्तम होते, आडवी हालचाल अगदी थोडी. शिवाय खालचा जबडा वरच्यापेक्षा अरुंद असतो. तोंड मिटताना वरचे दात खालच्या दातांच्या बाहेरून घसरत येतात. वरच्या जबड्यातली चौथी उपदाढ आणि खालच्या जबड्यातली पहिली दाढ या दोघी मिळून कातरीची दोन पाती होतात. मांसाहारी प्राण्यांची ही खास ओळख आहे.

घरात अडकित्ता असेल तर वर्गात आणावा. सुपारी पात्याच्या टोकाशी धरली तर फुटत नाही, खिळ्याजवळ सरकवली की कटकन फुटते. तरफेचा नियम मुलांना पाठ असतो, पण कुत्रा हाड नेहमी तोंडाच्या कोपऱ्यात, मागे का नेतो, हे त्या नियमाशी जोडून कोणी दाखवत नाही. कातरदाढा बिजागरीजवळ आहेत, म्हणून सर्वांत जास्त जोर तिथे पडतो. हे लक्षात ठेवावे, कारण टिपूच्या दुखण्याचे मूळ तिथेच होते.

मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात, वर २० व खाली २२. आपल्यापेक्षा दहा जास्त. पिलाला दुधाचे दात २८. ते साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात येतात आणि चौथ्या महिन्यापासून पडू लागतात. सातव्या महिन्यापर्यंत बहुतेक कुत्र्यांचे कायमचे दात आलेले असतात. कुत्र्याच्या दातावरचे एनॅमल मात्र आपल्यापेक्षा पातळ असते. आपल्या दाढेवर ते काही ठिकाणी अडीच मिलिमीटरपर्यंत जाड असते, कुत्र्याच्या दातावर बहुतेक ठिकाणी एक मिलिमीटरही नसते. एनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, पण त्यात जिवंत पेशी नसतात. एकदा झिजले की पुन्हा उगवत नाही. झीज सावकाश झाली तर आतला दंतिनाचा थर स्वतःत भर घालतो आणि दाताच्या टोकावर गुळगुळीत तपकिरी ठिपका दिसतो. झीज झपाट्याने झाली तर मधली दंतमज्जा उघडी पडते. तिथे रक्तवाहिन्या आणि चेता असतात. त्यापुढचे सांगायला नको.

तर कुत्रा खऱ्या अर्थाने दळू शकत नाही. तरी आवाज येतो, कारण जबडा घट्ट मिटून थोडा जरी सरकला तरी सुळे सुळ्यांवर, पटाशीचे दात पटाशीवर आणि मागच्या दाढांचे चपटे भाग एकमेकांवर घासतात.

आवाज दोन प्रकारचे

पहिली गोष्ट कान देऊन ऐकण्याची. दात वाजणे वेगळे आणि दात खाणे वेगळे. वाजताना जबडा भराभर उघडझाप करतो आणि टकटक असा हलका आवाज येतो. खाताना जबडा मिटलेला असतो आणि करकर असा घासल्याचा आवाज येतो.

दात वाजण्याची कारणे पुष्कळदा निरुपद्रवी असतात. पावसात भिजलेले कुत्रे कुडकुडते. आनंदाने, जेवणाची वाटी पाहून किंवा चेंडू हातात दिसला की काही कुत्र्यांचे दात वाजतात. एक कारण मात्र विलक्षण आहे. कुत्रा दुसऱ्या कुत्र्याने मुतलेल्या खांबाला हुंगतो, चाटतो आणि मग त्याचा खालचा जबडा थरथरू लागतो, तोंडाला थोडा फेसही येतो. पाहणाऱ्याला वाटते, झटका आला. वास्तविक तो वास 'वाचत' असतो. वरच्या पटाशीच्या दातांमागे टाळूवर एक बारीक उंचवटा असतो. तिथून निघणारी नळी नाकाच्या तळाशी असलेल्या जेकबसनच्या इंद्रियाकडे जाते. लाळेत विरघळलेली रसायने तिथवर पोचवण्यासाठी ही जबड्याची थरथर उपयोगी पडत असावी असे मानतात. डोंबिवलीच्या रस्त्यावर सकाळी फिरायला नेलेला नर कुत्रा प्रत्येक खांबाशी हा वाचनाचा कार्यक्रम करतो आणि सात बावीसची लोकल पकडायची असलेल्या मालकाचा जीव वरखाली होतो.

दात खाणे, म्हणजे घासणे, हे मात्र सहसा निष्कारण नसते. त्यामागे सर्वांत जास्त वेळा तोंडातले दुखणे असते.

टिपूची गोष्ट

टिपू साधा गावठी कुत्रा होता, सहा वर्षांचा. त्याला आठवड्यातून एकदा मटणाच्या दुकानातून आणलेले मोठे नळीचे हाड मिळे. आम्हांला त्याचे कौतुक. हाड चघळल्याने दात साफ होतात, असे आम्हीच इतरांना सांगत असू. एका पावसाळ्यात तो झोपेत दात खाऊ लागला. जंतांचे औषध दिले. आवाज थांबला नाही. खाणे नेहमीसारखे चालू होते, म्हणून आम्ही निश्चिंत राहिलो. मग एक दिवस डाव्या डोळ्याखाली सूज आली. गांधीलमाशी चावली असेल असे वाटून मलम लावले. एका डॉक्टरांनी दोनदा प्रतिजैविकाच्या गोळ्या दिल्या. गोळ्या चालू असेतो सूज उतरे, संपल्या की पुन्हा येई. दोन्ही वेळा कोणी त्याचे तोंड उघडून पाहिले नाही. डॉक्टरांनी नाही आणि, खरे सांगायचे तर, आम्हीही नाही.

तिसऱ्या वेळी दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी त्याचा ओठ वर केला आणि आम्हांला बोलावून दाखवले. वरच्या कातरदाढेचा बाहेरचा कपचा उडालेला होता आणि मध्ये काळे छिद्र दिसत होते. या दाढेला तीन मुळे असतात आणि ती वर थेट डोळ्याखालच्या हाडापर्यंत जातात. दंतमज्जेतून शिरलेला जंतुसंसर्ग मुळाच्या टोकाशी पोचला की पू डोळ्याखाली साठतो. पशुवैद्यकांच्या पुस्तकात हे चित्र नेहमीचे आहे. भूल देऊन, दाढेचे तीन तुकडे करून एकेक मूळ वेगळे काढावे लागले. आठवड्याभरात करकर बंद झाली. पण आम्हांला बोचले ते पुढेच. दोन आठवड्यांनी टिपूने पलंगाखालून त्याचा जुना चेंडू काढून आणला आणि आमच्या पायाशी टाकला. तो खेळत नाही हे आमच्या ध्यानातच आले नव्हते. वय झाले, असे आम्ही धरून चाललो होतो.

कुत्रा दात दुखत असतानाही खातो. दुखणे दाखवणारा प्राणी रानात मागे पडतो, म्हणून ते लपवण्याकडे त्याच्या जातीचा कल असावा, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. शिवाय तो अन्न फारसे चावत नाही. तुकडे तोडतो आणि गिळतो. दुखऱ्या बाजूने न खाता दुसऱ्या बाजूने खातो. म्हणून 'खातोय ना, मग ठीक आहे' ही कसोटी कुत्र्याच्या दातांना लावता येत नाही. दात, हिरड्या आणि जबडा यांच्या वेदना मेंदूकडे नेणारी चेता म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी पाचवी. जबडा मिटणाऱ्या स्नायूंना हुकूमही हीच चेता पोचवते. वेदनेची वार्ता आणि स्नायूचा हुकूम एकाच वाटेने ये-जा करतात, तेव्हा दुखऱ्या तोंडाचा जबडा आवळला जावा यात फारसे नवल नाही.

हाडाबद्दल इथेच सांगून टाकतो. दातापेक्षा कमी कठीण असे काहीतरी चघळायला द्यावे. त्याची घरगुती कसोटी अशी: वस्तूवर अंगठ्याचे नख दाबावे. खूण उमटली तर चालेल, उमटली नाही तर देऊ नये. नळीचे हाड, शिंग, खूर या कसोटीला उतरत नाहीत. कोंबडीची शिजवलेली हाडे वेगळ्या कारणासाठी टाळावीत. ती फुटून त्यांचे टोकदार तुकडे होतात आणि घशात वा आतड्यात रुततात.

कीटण, दाटी आणि पोट

दात तुटणे ही एक गोष्ट झाली. त्याहून फार जास्त आढळतो तो हिरड्यांचा आजार. तीन वर्षांच्या पुढच्या बहुतेक कुत्र्यांत त्याची थोडीफार सुरुवात झालेली असते. याचे एक कारण लाळेत आहे. आपली लाळ जवळजवळ उदासीन असते, कुत्र्याची अल्कधर्मी. अल्कधर्मी माध्यमात कॅल्शियमचे क्षार सहज साचतात. बोअरच्या पाण्याने बादलीत पांढरा थर धरतो तसाच हा प्रकार. दातावर जंतूंचा मऊ थर बसतो, दोन-तीन दिवसांत त्यात क्षार भरून त्याचे कठीण कीटण होऊ लागते आणि ते हिरडीखाली सरकते. याच अल्कधर्मी लाळेमुळे कुत्र्याचे दात आपल्यासारखे किडत मात्र फारसे नाहीत. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने घेतले, असा हा व्यवहार आहे. (लिटमसचा प्रयोग मुलांनी स्वतःच्या लाळेवर जरूर करावा. कुत्र्याची लाळ मात्र वर्गात आणू नये. कारण पुढे येते.)

लहान चणीच्या कुत्र्यांत आणखी एक अडचण असते. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर पग जातीचा कुत्रा आपल्याकडे घरोघर आला. त्याचा चेहरा माणसाने निवड करून करून आखूड केला, पण दातांची संख्या ४२ च राहिली. सहाच्या बाकावर नऊ मुले बसवावीत तसे ते दात आडवे-तिरपे बसतात. पॉमेरेनियनसारख्या जातींत दुधाचे दात वेळेवर पडत नाहीत. मग कायमचा सुळा दुधाच्या सुळ्याशेजारी वाट काढत येतो, चुकीच्या जागी उभा राहतो आणि मिटताना समोरच्या दातावर आपटतो किंवा घासतो. एका जागी एकाच वेळी एकाच प्रकारचे दोन दात असू नयेत, हा पशुवैद्यकांचा साधा नियम आहे.

आता आजीचे जंत. मुले झोपेत दात खातात ती जंतांमुळे, हा समज आपल्याकडे घरोघरी आहे. मुलांच्या बाबतीत झालेल्या अभ्यासांतून त्याला ठाम आधार मिळालेला नाही. तरी आजीचे औषध अगदी वाया जात नाही. कुत्र्याच्या पिलांना गोल जंत आईच्या पोटात असतानाच लागतात, त्यामुळे जंतांचे औषध त्यांना एरवीही द्यावेच लागते. शिवाय मळमळ आणि पोटदुखी असलेले कुत्रेही कधी दात घासते. ओठ चाटणे, वारंवार गिळणे, गवत खाणे, पाठ कमानीसारखी करणे ही चिन्हे सोबत असली तर पोटाचा विचार करावा. शेळी-गाईंत दात खाणे हे वेदनेचे लक्षण म्हणून गोठ्यातल्या अनुभवी माणसाला चांगले ठाऊक असते.

भीती आणि एकटेपण

ठाणे, कल्याण, डोंबिवली ही नोकरदारांची शहरे. घरातली दोन्ही माणसे सकाळी लोकलने जातात, रात्री आठ-नऊला परततात. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत कुत्रा बारा तास एकटा. काही कुत्र्यांना हे मानवते, काहींना नाही. जे अस्वस्थ होतात ते दार ओरबाडतात, पंजे चाटून लाल करतात, भुंकत राहतात आणि काही जण दात खातात. त्यात दिवाळीची भर. पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर तरुण मंडळींची गर्दी लोटते, ती पाहण्यासारखीच असते. पण त्या सुमारास गल्लोगल्ली फुटणारे फटाके कुत्र्याला कसे ऐकू येत असतील याचा विचार करावा. आपल्याला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंत. आपल्याला जाणवत नाही असे हलके आवाजही तो टिपतो. आणि त्याला दिवाळी केव्हा संपणार हे माहीत नसते.

अशा वेळी रागावून उपयोग नाही. 'गप्प!' म्हणून दटावले की भीतीत भर पडते. आतल्या खोलीत, खिडक्या लावून, पंखा किंवा रेडिओ चालू ठेवून अंथरूण घालावे, फटाके सुरू होण्याआधीच फिरवून आणावे. तो जवळ आला तर बसू द्यावे. भ्यायलेल्याला जवळ घेतल्याने भीती 'शिकवली' जाते, हा समज निराधार आहे. भीती फारच असेल तर पशुवैद्यांकडे औषधे आहेत, पण ती दिवाळीच्या आधी विचारून ठेवावीत. एकट्या कुत्र्यासाठी सकाळचा फेरफटका पंधरा मिनिटांनी वाढवणे, दुपारी कोणीतरी येऊन जाणे, चाटून-हुंगून शोधावे लागेल असे खाणे ठेवून जाणे, यांचा उपयोग होतो. मात्र 'हा मनाचा आजार आहे' असे ठरवण्याआधी तोंड तपासलेले असावे. टिपूला आम्ही आधी हट्टीच ठरवले होते.

जेव्हा हात लावायचा नाही

आता जो भाग शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावा असे आम्हांला वाटते, तो. कुत्र्याच्या जबड्याच्या काही हालचाली मेंदूच्या आजारातून येतात. डिस्टेंपर हा गोवराच्या विषाणूच्या जवळच्या नात्यातल्या विषाणूमुळे होणारा आजार. त्यात कुत्रे काही नसतानाही च्युइंगगम चघळल्यासारखा जबडा हलवते, तोंडाला फेस येतो, भान हरपते. पिलू यातून वाचले तर त्याच्या कायमच्या दातांवर खड्डे आणि तपकिरी पट्टे दिसतात. दात हिरडीत तयार होत असताना विषाणूने एनॅमल बनवणाऱ्या पेशी मारलेल्या असतात. लहानपणच्या आजाराची नोंद दातावर जन्मभर राहते. रस्त्यावरच्या एखाद्या शांत, म्हाताऱ्या कुत्र्याचे असे दात आम्ही पाहिले आहेत. डिस्टेंपरची लस आहे आणि पिलू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की ती सुरू करतात.

दुसरा आजार रेबीज. पिसाळलेला कुत्रा म्हटले की धावून चावणारा कुत्रा डोळ्यांसमोर येतो. पण रेबीजचे मुके रूपही असते. त्यात जबड्याचे आणि घशाचे स्नायू लुळे पडतात. खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, कुत्रा गिळू शकत नाही, विचित्र आवाज काढतो. पाहणाऱ्याला वाटते, घशात हाड अडकले. दयाळू माणूस, आणि फार वेळा दयाळू मूल, तोंडात हात घालून हाड शोधू लागते. हाड नसतेच. विषाणू लाळेत असतो आणि बोटावरची लहानशी चीर त्याला पुरते. लक्षणे दिसण्याआधी काही दिवसही लाळेत विषाणू असू शकतो. माणसात रेबीजची लक्षणे एकदा सुरू झाली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. पण लक्षणांपूर्वी योग्य उपचार झाले तर तो टाळता येतो.

म्हणून अनोळखी कुत्र्याचा जबडा लोंबत असेल, तो चमत्कारिकपणे हलत असेल किंवा लाळ गळत असेल तर तोंडाला हात लावू नये. दूर उभे राहून मोठ्या माणसांना सांगावे आणि महापालिकेला कळवावे. लाळ जखमेला लागली, दात लागला, ओरखडा आला तर ती जागा लगेच साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी, कारण पंधरा मिनिटे वाटतात त्यापेक्षा बरीच जास्त असतात. हळद, मिरची, चुना काही लावू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जावे. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय, जे महापालिकेचे जवळ असेल ते. लस स्नायूत देतात तेव्हा ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, आणि त्वचेत देतात तेव्हा ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलेल्या जखमेत प्रतिपिंडांचे इंजेक्शनही जखमेभोवती द्यावे लागते. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवतात हे खरे, पण त्या दहा दिवसांची वाट पाहत लस लांबवायची नसते. आणि ज्या मुलाने असा हात घातला असेल त्याला घरी सांगायची भीती वाटू नये, एवढे वातावरण वर्गात असावे. या भीतीने वाया गेलेले दिवस परत मिळत नाहीत.

घरच्या कुत्र्यासाठी

लसीकरण झालेला, ओळखीचा, घरचा कुत्रा दात खात असेल तर घाबरण्याचे कारण नाही, पण दुर्लक्षही नको. पहिले काम नोंदीचे. केव्हा दात खातो? झोपेत, खाल्ल्यावर, उपाशीपोटी, की घरात कोणी नसताना? अन्न एका बाजूने खातो का? तोंडाला दुर्गंधी आहे का? चेहऱ्यावर हात फिरवू देतो का? आवाज येत असताना मोबाइलवर चित्रफीत घ्यावी. डॉक्टरांच्या टेबलावर कुत्रा दात खात नाही, ही सर्वांची तक्रार असते.

मग, कुत्रा शांत असताना, तोंड न उघडता फक्त ओठ वर करून पाहावे. तपकिरी कीटण, लालभडक हिरडी, तुटलेला कपचा, दोन-दोन सुळे, एवढे कोणालाही दिसते. तो गुरगुरला तर तिथेच थांबावे. त्याने सांगायचे ते सांगितलेले असते.

पुढचे पशुवैद्याचे काम. दातांची नीट तपासणी आणि सफाई भूल देऊनच होते, कारण खरा आजार हिरडीखाली असतो. भूल न देता 'दात चमकवून देणारी' दुकाने आता निघाली आहेत. त्यांत दिसणारे कीटण निघते, न दिसणारे तसेच राहते आणि मालकाचे समाधान तेवढे होते. दाताचा एक्स-रे लागला आणि जवळच्या दवाखान्यात सोय नसली तर ठाणे-कल्याणकरांना मुंबई गाठता येते. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय १८८३ साली स्थापन झालेले आहे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचे छोट्या प्राण्यांचे रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झाले.

आपल्या डब्यातली वेदनाशामक गोळी कुत्र्याला देऊ नये. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलही त्याच्यासाठी धोक्याचे आहे. आपली टूथपेस्टही नको. कुत्र्याला चूळ भरता येत नाही, तो ती गिळतो. तिच्यातले फ्लोराइड आणि काही पेस्टमधला झायलिटॉल हा गोड पदार्थ त्याला विषारी ठरतो. कुत्र्यांसाठीची वेगळी पेस्ट मिळते. पहिला आठवडा नुसते बोट, मग बोटाला गुंडाळलेले मऊ फडके, मग लहान मुलांचा मऊ ब्रश, अशा पायऱ्यांनी जावे. दातांची बाहेरची बाजूच घासली तरी पुष्कळ झाले. सुरुवात वरच्या मागच्या दाढांपासून करावी. लाळेच्या मोठ्या ग्रंथीची नळी तिथे उघडते, म्हणून कीटण सर्वांत आधी तिथेच जमते. रोज शक्य नसेल तर एक दिवसाआड. रविवारी एकदाच घासून फारसे साधत नाही.

डोंबिवलीच्या त्या मुलाला सरांनी आम्ही सांगितल्याप्रमाणे पंधरा दिवस नोंदी ठेवायला लावल्या. पिलू झोपेत दात खायचेच, पण जागेपणी पाणी पिऊन झाल्यावरही जबडा एका बाजूला सरकवून करकर करायचे, हे त्याच्या वहीत तारीखवार लिहिलेले होते. सोळाव्या दिवशी त्याने वडिलांसमोर पिलाचा ओठ वर करून पाहिला. वर दोन्ही बाजूंना दोन-दोन सुळे होते. पुढच्या आठवड्यात पशुवैद्यांनी भूल देऊन दुधाचे दोन्ही सुळे काढले. त्यांतला एक सुळा उकळत्या पाण्यातून काढून, काड्यापेटीत कापसावर ठेवून मुलाने शाळेत आणला. सरांनी पट्टी लावून मोजायला सांगितले, तेव्हा वर्गाला आश्चर्य वाटले ते याचे की हिरडीबाहेर दिसणाऱ्या इवल्याशा टोकापेक्षा आतले मूळच कितीतरी लांब होते.